‘सरांना जमत नाही’ म्हणण्याआधी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयात मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीचं समन्वयन पाहणाऱ्या मॅडमना एका वाक्याचा राग अजून येतो. प्रशिक्षण देऊन गेलेल्या एजन्सीने अहवालात लिहिलं होतं, ‘ज्येष्ठ प्राध्यापकांमध्ये शिकण्याची इच्छा दिसत नाही.’ प्राचार्यांनी ते बैठकीत मोठ्याने वाचलं. मराठीचे विभागप्रमुख समोरच बसले होते.

त्याच सरांच्या शेजारी बसून मॅडमनी जे पाहिलं, ते अहवालात कुठेच नव्हतं. वर्षानुवर्षं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स सरांनी पेनड्राइव्हवर आणल्या होत्या. मजकूर कॉपी करून मूडलच्या चौकटीत पेस्ट केला, तर स्क्रीनभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांचा खच. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसला की मूळची अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये रूपांतर केलं की प्रश्न सुटतो. प्रशिक्षकाने तेवढंही सांगितलं नाही. ‘सर, पीडीएफ करून टाका ना,’ म्हणत तो पुढच्या संगणकाकडे गेला.

सरांनी नोट्स छापून, स्कॅन करून पीडीएफही केली. ती अपलोड होईना. मूडल ज्यावर चालतं त्या पीएचपीमध्ये अपलोड करायच्या फाइलची मर्यादा मुळात २ एमबी असते आणि सर्व्हर बसवताना ती कोणी वाढवलीच नव्हती. ते काम एजन्सीचं. इच्छा नसलेला माणूस इतका खटाटोप करतो का?

मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात तयार केलेलं मूडल २००२पासून मोफत मिळतं. त्यामुळे संस्थाचालकांना सगळंच फुकटात होईल असं वाटतं. सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो, हे मार्च २०२०मध्ये वर्ग बंद झाले तेव्हा अनेकांना कळलं. कळलं, पण त्यासाठी पद भरलं गेलं नाही.

मॅडम आता इतर महाविद्यालयांतल्या समन्वयकांना सांगतात : प्रशिक्षणाची तारीख ठरवण्याआधी प्रत्येक विभागात जाऊन प्राध्यापकांकडे काय साहित्य आहे ते पाहा. फॉन्ट कोणता, फाइल केवढी, घरी लॅपटॉप आहे की फक्त मोबाइल. रूपांतर केलेला मराठी मजकूर वाचून घ्या. रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात. चाचणी लावताना वेळ संपल्यावर उत्तरं आपोआप जमा होतील हे तपासा. वेळेत बटण दाबलं नाही तर प्रयत्न मोजायचाच नाही, असाही पर्याय मूडलमध्ये आहे. मॅडमच्या महाविद्यालयात एजन्सीने तोच निवडून ठेवला होता. उत्तरं मोजली न गेल्याची बोलणी मात्र बसली विषय शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला. धीर धरा, छोट्या गोष्टीपासून सुरुवात करा, हेही मॅडम सांगतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले मूडलचे छोटे पाठ त्या आवर्जून सुचवतात, कारण ते थांबवून पुन्हा पाहता येतात.

नॅकच्या मूल्यांकनाच्या फाइलसाठी जिओटॅग फोटो आणि उपस्थितीपत्रक लागतं, ते एजन्सीने तत्परतेने दिलं. करारात मात्र प्रशिक्षणानंतरच्या सत्रभराची मदत लिहून घ्या, शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या, आणि अहवाल अंतिम होण्याआधी प्राध्यापकांना वाचायला द्या, असा मॅडमचा आग्रह आहे. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना तर तासाचेच पैसे मिळतात. प्रश्नपेढी तयार करण्याचा वेळ कुठल्याच बिलात बसत नाही. त्या वेळेचं मानधन आधी मंजूर करून घ्या, मगच त्यांना काम सांगा.