‘सर, भेटायचे होते’

‘सर, भेटायचे होते. कधी येऊ?’ विषयाची ओळ रिकामी, खाली नाव नाही आणि ज्या पत्त्यावरून मेल आला त्यात आवडत्या क्रिकेटपटूचे टोपणनाव. असा मेल उद्धट नसतो, ‘सर’ म्हणण्यापुरता तो नम्रही असतो. तरी त्याला उत्तर येत नाही, कारण उत्तर देण्याआधी प्राध्यापकांनाच विचारावे लागते: तू कोण, कुठल्या वर्गातला, काम काय, वेळ किती हवा, कधी येऊ शकतोस? हातातले काम संपवून निवांत विचारू म्हणून तो मेल बाजूला पडतो आणि पुढच्या पन्नास मेलखाली गाडला जातो. विद्यार्थ्याला वाटते सरांना भाव चढला आहे, सरांना वाटते मुलांना रीतभात नाही. माझ्या मते दोघांचेही निदान चुकते. मेलमधली नम्रता विशेषणांत नसते, माहितीत असते. वाचणाऱ्याला एका ओळीत ‘या’ किंवा ‘आत्ता नको, सोमवारी या’ म्हणता येईल इतके सगळे ज्यात आहे, तो मेल नम्र.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: विद्यार्थ्यांना भेटणे हे प्राध्यापकांचे कामच आहे, मग विनवण्या कशाला? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार पूर्णवेळ प्राध्यापकाने आठवड्याला किमान ४० तास काम करावे आणि रोज किमान ५ तास महाविद्यालयात उपलब्ध असावे. प्रत्यक्ष शिकवण्याचे तास सहायक प्राध्यापकाला १६ आणि त्यावरच्या पदांना १४. म्हणजे वर्गाबाहेर बराच वेळ उरतो आणि त्यावर विद्यार्थ्याचा हक्क आहेच. पण उत्तरपत्रिका, संशोधन, समित्यांच्या बैठका, मूल्यांकनाच्या फायली हे सगळेही त्याच वेळात बसवायचे असते. त्यातला कोणता अर्धा तास कोणाला द्यायचा, हे समोर आलेल्या मजकुरावरूनच ठरते. हक्क आहे म्हणून काम आपोआप होत नाही. ते नीट मांडावे लागते आणि नीट मांडणे म्हणजे विनवणी नव्हे.

गोव्यात या मांडणीला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे प्रवास. झुआरीनगरला मुरगाव एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आहे, बिट्स पिलानीचा परिसर आहे. तिथे वास्कोचा मुलगा सहज पोहोचतो. पण गोवा विद्यापीठ ताळगाव पठारावर. तिथे जायला वास्कोहून कुठ्ठाळी, झुआरी पूल, आगशी, बांबोळी असा रस्ता. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या मुलीला पणजीत उतरून दुसरी बस धरावी लागते. नवा झुआरी पूल झाला, तरी बसची वाट पाहणे संपलेले नाही. सर भेटले नाहीत तर त्यांचा काहीच वेळ जात नाही, विद्यार्थ्याचा मात्र दिवस जातो. म्हणून आपली अडचण लिहायला संकोचू नये. ‘मी पेडण्याहून येते, साडेदहाच्या आधी पोहोचता येत नाही’ हे वाक्य तक्रार नव्हे, वेळ ठरवायला लागणारी माहिती आहे. उलट ‘आपल्या सोयीने कधीही’ हे ऐकायला गोड, पण वेळ शोधण्याचे सगळे काम समोरच्यावर ढकलणारे.

उदाहरणच घेऊ. विषयाच्या ओळीत लिहावे: ‘प्रबंधिकेसाठी १५ मिनिटांची भेट, एम. ए. भाग २, मराठी’. पुढे: ‘आदरणीय सर, मी आपल्या लोकसाहित्याच्या वर्गात आहे. प्रबंधिकेसाठी वास्कोचा दामोदर सप्ताह हा विषय घेतला आहे. सप्ताहात ‘पार’ म्हणजे मिरवणुका काढणाऱ्या समाजांतल्या जाणत्या माणसांच्या मुलाखती आधी घ्याव्यात की जुने कागद आधी पाहावेत, हे ठरत नाही. मंगळवारी किंवा गुरुवारी दुपारी २ ते ४ मध्ये मी येऊ शकतो. एका पानाचे टिपण जोडले आहे.’ खाली पूर्ण नाव, हजेरी क्रमांक, फोन. सात-आठ ओळींत काम झाले. यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तो प्रश्न. ‘विषयाबद्दल मार्गदर्शन हवे’ असे लिहिले असते तर सरांना काहीच कळले नसते. प्रश्न नेमका असला की ते भेटीआधी दोन नावे आठवून ठेवतात, एखादे पुस्तक काढून ठेवतात. कधी भेटीची गरजच उरत नाही, उत्तर मेलवरच येते आणि बसचे पैसे वाचतात.

दुसरा आक्षेप: आता सगळे व्हॉट्सॲपवर चालते, मेल कशाला? सरांनी स्वतः नंबर देऊन तिथेच लिहा म्हटले असेल तर तिथे लिहावे, पण माहिती इतकीच पूर्ण द्यावी. एरवी मेल बरा, कारण तो पुढेही सापडतो. वर्षभराने शिफारसपत्र मागाल तेव्हा तुम्ही कोण, काय काम केले होते, हे सरांना त्यातून काढता येते. शिवाय रात्री अकराला वाजलेला फोन कुणालाच आवडत नाही. तिसरा आक्षेप नवा आहे: इंग्रजी कच्चे असेल तर यंत्राकडून मेल लिहून घेतला तर काय बिघडले? व्याकरण सुधारून घ्यावे. पण तुमचा वर्ग, तुमचा प्रश्न, तुमची बस यंत्राला ठाऊक नसते. ती माहिती दिली नाही तर हाती येतो तो गुळगुळीत, कुणालाही पाठवता येईल असा मजकूर. आणि मराठीच्या प्राध्यापकांना तोडक्या इंग्रजीपेक्षा देवनागरीतले साधे मराठी केव्हाही चालते.

इतके करूनही उत्तर आले नाही तर? कामाचे पाच-सहा दिवस थांबावे. मध्ये चतुर्थीची सुट्टी किंवा पेपर तपासणीचे दिवस आले तर आणखी थोडे. मग त्याच मेलला जोडून दोन ओळींची आठवण पाठवावी, नवा मेल सुरू करू नये आणि पहिल्याच आठवणीत विभागप्रमुखांना प्रत लावू नये, ती तक्रार ठरते. तरीही शांतता असेल तर विभागाच्या कार्यालयात विचारावे. सर रजेवर आहेत की परीक्षेच्या कामावर, ते तिथे कळते. सगळे नीट लिहूनही काही जण उत्तर देणार नाहीत, हे मान्य. पण मग दोष कुणाचा, हे स्पष्ट असते आणि विभागप्रमुखांकडे जाताना तारखांसह दोन मेल हाताशी असतात. भेट झालीच, तर त्याच दिवशी काय ठरले ते तीन ओळींत कळवावे. पुढच्या वेळी सुरुवात तिथून करता येते आणि प्राध्यापकही अशा विद्यार्थ्याला पुन्हा वेळ द्यायला कचरत नाहीत.