काससुजी : कासेच्या आत काय घडते?

धार काढताना एखादा सड गरम लागतो, कास दगडासारखी घट्ट होते, दुधात गाठी येतात. म्हणूनच या रोगाला 'दगडी' असेही म्हणतात. ही सूज जंतूंमुळे सुरू होत असली तरी बव्हंशी ती गाईच्या शरीरानेच उठवलेली असते.

ई. कोलाय जंतू सडाच्या छिद्रातून आत शिरला की कासेतील भक्षक पेशी व अस्तरातील पेशी त्याच्या बाह्य आवरणावरून त्याला ओळखतात आणि सायटोकाइन नावाची प्रथिने सोडतात. हे पेशींचे निरोपे होत. प्रत्येक निरोप्या ठराविक पेशींवरील ग्राहीला चिकटतो व त्या पेशीला कामाला लावतो. टीएनएफ व इंटरल्युकिन-१ मुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर चिकट होते, वाहिन्या पाझरतात आणि सूज चढते. इंटरल्युकिन-८ रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना कासेत बोलावते. हेच निरोप मेंदूपर्यंत पोचले की ताप येतो, गाय वैरण सोडते.

न्यूट्रोफिल जंतू गिळतात, पण त्यांच्या माऱ्यात दूध तयार करणाऱ्या पेशीही मरतात. म्हणून निरोप वेळेवर निघावा आणि वेळेवर थांबावाही.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू मात्र लबाड. त्याच्यामुळे टीएनएफ व इंटरल्युकिन-८ फारच कमी सुटतात. कास वरून चांगली दिसते, जंतू आत ठाण मांडतो, दूध हळूहळू घटते. आमच्या मते खरा तोटा या सुप्त काससुजीचाच. निरोगी सडाच्या दुधात दर मिलिलिटरला साधारण १ लाखापेक्षा कमी पेशी असतात; २ लाखांवर गेल्यास संसर्ग समजावा. घरी पाहायचे तर धुण्याच्या पावडरचे ३ टक्के द्रावण व तेवढेच दूध, प्रत्येक सडाचे वेगळे, वाटीत हलवावे. घट्टपणा आला तर पेशी वाढल्या आहेत.

सूज उतरवण्यासाठी पशुवैद्यक बहुधा मेलॉक्झिकॅम देतात. त्याने जंतू मरत नाहीत. निरोपानंतर तयार होणारे, वेदना व ताप आणणारे प्रोस्टाग्लँडिन कमी होते. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी वापरू नये; गिधाडे मरतात म्हणून २००६ पासून त्यावर बंदी आहे. स्टिरॉइड तर स्वतःहून कधीच टोचू नये. ते निरोपच दाबते, आणि गाभण गाय गाभडू शकते.

धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवावेत व लगेच वैरण टाकावी, म्हणजे सडाचे छिद्र मिटेपर्यंत गाय उभी राहते.