आभाळातून दिसणारी आपली जमीन

(शेती व आरोग्य : अभ्यासपाठ)



बायबलातील गणना या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात मोशे बारा माणसांना कनान देश पाहावयास पाठवितो. निघताना तो त्यांना काम नेमून देतो. जमीन सुपीक आहे की निकस, झाडे आहेत की नाहीत, लोक उघड्या वस्तीत राहतात की तटबंदीच्या गावांत, हे पाहून यावयाचे. म्हणजे देवाने घडविलेला प्रदेश पाहा आणि माणसाने घडविलेला प्रदेशही पाहा. शिवाय तेथले फळही घेऊन या, असे तो बजावतो. ती माणसे चाळीस दिवसांनी द्राक्षांचा घड काठीवर लादून परततात.

आज देश पाहण्याचे हे काम उपग्रह करतात. मात्र द्राक्षांचा घड त्यांना आणता येत नाही. तो आपणच आणावयाचा असतो. एवढी गोष्ट मनात ठेवून पुढील पाठ वाचावा.

उपग्रह कसा पाहतो?

जमिनीची चित्रे नियमाने घेणारा लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी सोडला. आपल्या देशाचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी वर गेला. सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरून तो दर २२ दिवसांनी त्याच जागेवर येत असे. २०१५ पासून युरोपचे सेंटिनेल-२ जातीचे उपग्रह फिरू लागले. दोन उपग्रहांची जोडी मिळून दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जाते.

हे चित्र फरशी घातलेल्या जमिनीसारखे लहान लहान चौकोनांचे बनलेले असते. सेंटिनेल-२ चा सर्वांत बारीक चौकोन १० मीटर लांब व १० मीटर रुंद असतो. त्या चौकोनात जे काही असेल त्याचा मिळून एकच रंग चित्रात उमटतो. तुमचा तीनशे चौरस मीटरांचा कुणगा म्हणजे त्या चित्रातील फक्त तीन फरशा. त्यात भाताची रोपे दिसणार नाहीत, पण कुणगा हिरवा आहे, ओसाड आहे की पाण्याखाली आहे, ते कळेल.

उपग्रहाला आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही दिसतो. निरोगी पान सूर्याचा तांबडा प्रकाश अन्न तयार करण्यासाठी शोषून घेते आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. शास्त्रज्ञ पुष्कळदा या अवरक्त प्रकाशाला चित्रात तांबडा रंग देतात. म्हणून अशा चित्रात दाट झाडी लालभडक दिसते. खोल स्वच्छ पाणी काळे दिसते, गढूळ पाणी फिकट निळे आणि उघडी जमीन निळसर-करडी. पीक रोगाने किंवा खाऱ्या पाण्याने खचू लागले की त्याचा लाल रंग फिका पडतो. पान पिवळे पडून आपल्या लक्षात येण्याआधीही काही वेळा हे चित्रात दिसते.

आपला तालुका वरून

आता आपल्या पेडणे तालुक्याचे चित्र डोळ्यांसमोर आणू या. उत्तरेस तेरेखोल, दक्षिणेस शापोरा आणि पश्चिमेस समुद्र. शापोरा नदी वळणे घेत येते, चोपड्याजवळ रुंद होते आणि मोरजीच्या वाळूच्या टोकाला वळसा घालून समुद्रास मिळते. ते वाळूचे टोक लाटांनी व नदीने घडविले आहे. तेथे सागरी कासवे अंडी घालावयास येतात.

निसर्गाला सरळ रेघ फारशी आवडत नाही. म्हणून चित्रात जेथे सरळ रेघ किंवा नेमका कोपरा दिसेल, तेथे माणसाचा हात आहे असे प्रथम समजावे. शिवोली-चोपडे पूल ही अशी एक रेघ. कोकण रेल्वे ही दुसरी; ती पेडण्याच्या बोगद्यात गडप होते आणि पलीकडे पुन्हा निघते. मोप्याच्या सड्यावर साडेतीन किलोमीटर लांबीची धावपट्टी आहे. या विमानतळाचे उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. त्याआधीची दहा वर्षे आणि नंतरची वर्षे अशी चित्रे शेजारी ठेवली, तर सडा कसा बदलला ते शाळेतील मुलालाही कळेल. सडा वरून ओसाड दिसला तरी पावसाचे पाणी जिरवून पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना पुरविण्याचे काम तोच करतो. हे काम जमिनीच्या पोटात चालते. साध्या चित्रात ते दिसत नाही.

शेजारच्या डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणींचे खड्डे आणि मातीचे ढिगारे चित्रात ठळक दिसतात. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबविले. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी खाणपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द केले. काम थांबलेले खड्डे पाण्याने भरतात आणि तळ्यांसारखे दिसू लागतात. तळे आणि खड्डा यांत वरून फरक कसा ओळखावा? कडा पाहाव्यात. तळ्याची कड उतरत जाते, खड्ड्याची कड पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली असते.

खाजन : देवाचे की माणसाचे?

आपल्याला सर्वांत जवळचा प्रश्न खाजनांचा आहे. गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन असल्याचे सांगितले जाते. वरून पाहिले तर खाजन निसर्गाचेच वाटते, कारण त्याचे बांध नदीच्या वळणाबरोबर वळतात. पण ते पूर्णपणे माणसाच्या श्रमाचे आहे. पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी चिखल, पेंढा व चिरे यांचे बांध घालून भरतीचे पाणी अडविले. मानशीची दारे अशी बसविली की ओहोटीला आतले पाणी बाहेर जावे आणि भरती येताच दारे आपोआप मिटावीत. पावसाने जमिनीतील मीठ धुतले गेले की कोरगुट, आसगो यांसारखे खारेपणा सोसणारे भात तेथे घेता येते. पोयीत मासळी मिळते ती वेगळीच.

पण हा बांध एक वर्ष पाहिला नाही तरी खेकडे आणि उंदीर त्याला भोके पाडतात. मोठ्या भरतीला तेथून पाणी शिरते. एका कुणग्यात शिरलेले खारे पाणी शेजाऱ्याचा कुणगा विचारीत बसत नाही. दोन-तीन हंगाम जमीन पड राहिली की तेथे तिवरे रुजतात.

येथे उपग्रहाचे चित्र नीट वाचले नाही तर फसगत होते. भात गेले आणि तिवरे आली, तरी चित्र लालभडकच राहते. किंबहुना अधिक लाल होते, कारण भात कापले जाते आणि तिवर बारा महिने हिरवे असते. दूरच्या कचेरीत बसलेला माणूस म्हणेल की येथे हिरवळ वाढली. त्याचे म्हणणे खोटे नसते. परंतु त्या हिरवळीखाली एक शेत बुडालेले आहे, हे त्याला चित्र सांगत नाही.

भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांच्या साहाय्याने तिवरांचे मोजमाप करते. गोव्यातील तिवरांचे क्षेत्र २००१ च्या अहवालात ५ चौरस किलोमीटर होते. २०२१ च्या अहवालात ते २७ झाले. यातील काही वाढ खरोखरची आहे. काही वाढ मोजणाऱ्या डोळ्याची नजर तीक्ष्ण झाल्यामुळे आहे. पूर्वी न दिसणारे लहान पट्टे आता दिसतात. बंधुभगिनींनो, आकडा वाचताना तो कोणत्या चष्म्यातून मोजला हेही विचारावे.

तिवर हा आपला वैरी नव्हे. बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगाला उभी असलेली तिवरे लाटांचा मारा झेलतात आणि मासळीच्या पिलांना आसरा देतात. बांधाच्या आत उगवलेली तिवरे मात्र खारे पाणी आत शिरत असल्याची खूण आहे. तिवरे तोडण्यास कायद्याने बंदी आहे, म्हणून कोयता घेऊन धावू नये. उपाय त्याआधी, बांध शाबूत असतानाच करावयाचा. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यातील खाजनांचे नकाशे करावेत आणि खाजनांत बांधकाम विकास होऊ देऊ नये, असे म्हटलेले आहे. जे शेत कसले जाते त्याचा नकाशा शेत म्हणून निघतो. पड शेताची बाजू मांडणे कठीण जाते.

चित्र वाचताना तीन सावधगिरी

पहिली : महिना पाहावा. मे महिन्यातील सडा तांबूस-करडा आणि ऑगस्टमधील हिरवागार असतो. मेची तुलना मेशीच करावी. मोबाइलवरील नकाशात दिसणारे चित्र आजचे नसते. ते काही महिन्यांपूर्वीचे किंवा वर्षापूर्वीचेही असू शकते.

दुसरी : भरती-ओहोटी पाहावी. सेंटिनेल-२ सकाळी ठराविक वेळी येतो, पण भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरते. एका चित्रातील वाळूचा दांडा दुसऱ्यात नाहीसा झाला, तर तो वाहून गेला असे लगेच म्हणू नये. तो पाण्याखाली असेल.

तिसरी : ढग. सरद भात शेतात उभे असते तेव्हाच आभाळ भरलेले असते. साधा कॅमेरा ढगांपलीकडे पाहू शकत नाही. रडारचे उपग्रह पाहू शकतात. भारत व अमेरिका यांनी मिळून बनविलेला निसार हा असा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला.

आरोग्याची बाजू

पावसानंतर पाणी कोठे साचून राहते, हे चित्रात कळते. अशा जागी डास वाढतात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो. त्याचे जंतू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. जखम असल्यास ती झाकावी आणि शक्यतो रबरी बूट घालून शेतात उतरावे. पाण्यात काम केल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी किंवा डोळ्यांत लाली आल्यास त्वरित आरोग्य केंद्रात जावे आणि आपण शेतातील पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बांधाजवळच्या विहिरीचे पाणी खारट लागू लागले, तर तीही बांधाची तक्रारच समजावी.

घरी करावयाचा अभ्यास

१. घरातील शिकणाऱ्या मुलाला सोबत घेऊन मोबाइलवर किंवा संगणकावर आपले गाव पाहावे. भारताच्या अंतराळ संस्थेचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९ पासून सर्वांसाठी खुले आहे. आपले घर, विहीर, कुणगा, बांध व मानस ओळखावी.

२. जुनी व नवी चित्रे एकाच महिन्याची घेऊन शेजारी ठेवावीत. बांधाच्या आत नवी हिरवळ किंवा नवे पाणी कोठे दिसते, ते कागदावर मांडावे.

३. तो कागद घेऊन ओहोटीच्या वेळी बांधावरून चालत जावे. भोक, खचलेला चिरा, कुजलेले दार यांची नोंद करावी. कागद शेजाऱ्यांना दाखवावा आणि सर्वांच्या सह्यांनिशी कृषी कार्यालयात द्यावा. तारखेचे चित्र सोबत असले की अर्जाला वजन येते.

४. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे : हा बांध पूर्वी कोण राखीत असे? वर्षातून किती वेळा?

उत्पत्तीच्या ग्रंथात देवाने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत करण्यासाठी आणि तिचे रक्षण करण्यासाठी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात या दोन्ही कर्तव्यांची आठवण दिली आहे. मशागत आणि राखण ही दोन कामे वेगळी काढता येत नाहीत, हे खाजनाच्या शेतकऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार? उपग्रह दर पाच दिवसांनी येऊन पाहून जातो. बांधावर चिखलाचा गोळा टाकण्यासाठी मात्र माणसाचाच हात लागतो. यंदाच्या पावसाआधी तो हात कोणाचा, हे प्रत्येक वाड्याने बसून ठरवावे.