छोटी वाघीण

(मालगाडीच्या डब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात. इंग्लंडमधील कोळशाच्या वाघिणीची छोटी प्रतिकृती तयार करताना लेखिकेला काय शिकायला मिळाले, ते या पाठात सांगितले आहे.)

मी तेव्हा आठवीत होते. माझे मामू इंग्लंडमध्ये नोकरी करत. ईदला घरी आले, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी एक चपटे खोके आणले. खोक्यावर कोळशाच्या वाघिणीचे सुंदर चित्र होते. मी आनंदाने खोके उघडले. आत वाघीण नव्हतीच! प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले तुकडे, चार चाके आणि सूचनांचा एक कागद होता.

"मामू, ही तर मोडलेली आहे!" मी हिरमुसून म्हणाले.

मामू हसले. "मोडलेली नाही बेटा, अजून जोडायची आहे. तिकडे लहानथोर सारेच अशा गाड्या जोडतात, रंगवतात आणि घरातल्या छोट्या रुळांवर चालवतात."

मग त्यांनी मला प्रमाण समजावून सांगितले. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीचे 4 मिलिमीटर. खरी वाघीण साडेसोळा फूट लांब होती, म्हणून आमची वाघीण 66 मिलिमीटर. माझ्या तळहातावर ती सहज मावणार होती. खरी वाघीण मात्र 16 टन कोळसा वाहून नेत असे. 1948 साली ब्रिटनमधील रेल्वे सरकारच्या ताब्यात आली. त्यानंतर अशा वाघिणी फार मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या. आज त्या संग्रहालयांत आणि जतन केलेल्या जुन्या मार्गांवर पाहायला मिळतात.

मी त्याच संध्याकाळी कामाला लागले. सूचनांच्या कागदावर लिहिले होते : तुकडे चौकटीतून ओढून तोडू नका, कात्रीने कापा. कापलेली जागा बारीक कानशीने घासा. चिकटवण्याआधी तुकडे नुसते जुळवून पाहा. पण मला धीर नव्हता. मी तुकडे हातानेच मोडले आणि भराभर चिकटवले. तासाभरात वाघीण तयार झाली.

मी ती घेऊन नानांकडे धावले. नाना, म्हणजे माझ्या आईचे वडील, भुसावळला रेल्वेत वाघिणी तपासण्याचे काम करत. लांब दांड्याच्या हातोडीने ते चाकांवर ठोका मारत. खणखणीत आवाज आला तर चाक चांगले. बद्द आवाज आला तर काहीतरी बिघाड आहे, असे समजत. आता त्यांना नीट दिसत नसे. त्यांनी माझी वाघीण टेबलाच्या काचेवर ठेवली आणि एका बोटाने तिचा कोपरा हळूच दाबला. टक! पुन्हा दाबला. टक!

"बेटा, हिची तीनच चाके टेकतात. चौथे अधांतरी आहे. अशी गाडी मी यार्डातून बाहेर जाऊ दिली नसती."

माझा चेहरा उतरला. नाना म्हणाले, "अजून जोड पक्के झाले नाहीत. आताच दुरुस्त कर. उद्या जमणार नाही."

जोडण्याचे ते द्रव साधा डिंक नव्हते. ते प्लास्टिक किंचित विरघळवते आणि दोन तुकडे एकजीव करते. मी पात्याने जोड सोडवले, कडा घासल्या. खिडकी उघडून काचेवरच पुन्हा जोडणी केली. कुंचल्याने थोडेसे द्रव लावले, की ते आपोआप फटीत शिरे. या वेळी चारही चाके टेकली. बोटाने ढकलताच वाघीण सरसर धावली.

दुसऱ्या दिवशी मी ती साबणाच्या पाण्याने धुतली. बोटांचे तेल राहिले तर रंग धरत नाही. वाळल्यावर रंगाचे पातळ थर दिले. एक थर वाळला, की दुसरा. रंग राखाडी होता. चालकाला इंजिनातून ज्यांचे ब्रेक लावता येत नसत, त्या वाघिणी राखाडी असत. ज्यांचे लावता येत, त्या तांबूस तपकिरी. रंग केवळ शोभेसाठी नव्हता.

शेवटी राहिली एक तिरपी पांढरी रेघ. चित्रात एकच बाजू दिसत होती. त्या बाजूला जशी रेघ होती, तशीच मी दुसऱ्या बाजूलाही काढली. दोन्ही रेघा डावीकडून उजवीकडे चढत होत्या. मला त्या फार छान वाटल्या.

नानांनी वाघीण डोळ्यांजवळ धरून फिरवली. "ही रेघ कशासाठी?"

"नक्षी असेल."

"रेल्वेत नक्षीसाठी रेघ काढत नाहीत. इकडची रेघ एका टोकाकडे चढते, तिकडची दुसऱ्या टोकाकडे. यातली खरी कोणती?"

मी मामूंना विचारले. त्यांनी सांगितले, की या वाघिणीच्या एकाच टोकाला मोठे दार असते. बंदरावर वाघीण दुसऱ्या टोकाकडून उचलून तिरपी करत. मग दार उघडून सारा कोळसा खाली पडे. दार कोणत्या टोकाला आहे, हे कामगाराला दुरूनच कळावे म्हणून ती रेघ असते. रेघेचे वरचे टोक जिकडे, तिकडे दार.

माझी एक रेघ खोटे बोलत होती! खऱ्या वाघिणीवर अशी रेघ असती, तर कामगार फसला असता. मी ती राखाडी रंगाने झाकली. रंग वाळेपर्यंत थांबले आणि रेघ उलट्या दिशेने काढली.

नानांनी वाघीण पुन्हा काचेवर ठेवली, कोपरा दाबला. आवाज आला नाही. "आता जाऊ दे गाडी," ते म्हणाले.

आज नाना नाहीत. ती वाघीण माझ्या टेबलावर आहे. वह्या तपासताना घाई होऊ लागली, की मी तिच्याकडे पाहते.

शब्दार्थ
प्रतिकृती – हुबेहूब नमुना; हिरमुसणे – नाराज होणे; कानस – घासण्याचे हत्यार; अधांतरी – आधाराशिवाय; कुंचला – रंगाचा ब्रश

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नाना कोणते काम करत?
(आ) राखाडी रंगावरून काय कळत असे?
2. कारणे द्या.
(अ) लेखिकेने रंग देण्याआधी वाघीण धुतली.
(आ) लेखिकेने एक पांढरी रेघ झाकली.
3. 'चेहरा उतरणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
4. गणित करा : खऱ्या वाघिणीच्या दोन आसांमधील अंतर 9 फूट होते. प्रतिकृतीत ते किती मिलिमीटर असेल?
5. उपक्रम : जवळच्या स्थानकावर मोठ्या माणसासोबत जा. फलाटावरूनच मालगाडी पाहा आणि वाघिणींवरील खुणा वहीत लिहा.