जादा कामाचा दुप्पट दाम : कायदा काय सांगतो?



आपल्या कार्यक्षेत्रात असे गाव नाही की जिथला एखादा मुलगा मुंबईला नोकरीला नाही. शेती थोडी, भाऊ जास्त. मग एकजण ऊस बघतो, दुसरा अंधेरीची गाडी धरतो. अंधेरी पूर्वेला मरोळची एम.आय.डी.सी. आहे, तिथेच 1973 साली सुरू झालेले सीप्झ आहे. सुरुवातीला तिथे इलेक्ट्रॉनिक्सचा निर्यातीचा माल तयार होई, पुढे हिरे व दागिन्यांचे कारखाने आले. छोट्या वर्कशॉपपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत हजारो हात तिथे राबतात. सणाला गावी आलेली पोरे सांगतात, "पाळी आठ तासांची, पण सुटका दहा-बारा तासांनी. वरच्या तासांचे कधी साधे पैसे मिळतात, कधी चहा-वडापाववर भागवतात." पोरगा बोलत नाही, कारण नोकरी जाईल ही धास्ती. बापाला कायदा ठाऊक नाही. म्हणून हा लेख.

यात दुसरेही एक कारण आहे, ते शेवटी सांगू.

हा हक्क आला कुठून?

हा हक्क कोणी दान म्हणून दिलेला नाही. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. मागण्या साध्या होत्या : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच, आणि मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. रविवारची सुटी मिळायला 1890 साल उजाडावे लागले. त्यानंतर 1922 च्या कायद्याने आठवड्याचे 60 तास, 1934 च्या कायद्याने 54 तास आणि 1946 साली 48 तास, अशी मर्यादा खाली आली. 1948 च्या कारखाने कायद्याने दिवसाचे 9 व आठवड्याचे 48 तास ठरवून त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने मजुरी बांधून दिली.

दुप्पट का? मालकाला जादा काम महाग पडावे, म्हणजे तो उगाच माणसाला राबवणार नाही, गरज असेल तर आणखी एक माणूस कामाला लावील. थकलेल्या माणसाचा हात मशिनमध्ये जातो, हेही त्यामागे आहे.

आजचा कायदा

21 नोव्हेंबर 2025 पासून जुना कारखाने कायदा, किमान वेतन कायदा व वेतन प्रदान कायदा यांची जागा नव्या संहितांनी घेतली आहे. "कायदा बदलला, आता दुप्पट नाही" असे कोणी पोराला सांगत असेल तर ते खोटे आहे. नव्या संहितांतही पुढील गोष्टी पक्क्या आहेत :

1) रोजचे काम 8 तासांचे. ठरलेल्या तासांपुढे काम झाले तर त्याला दुप्पट दर. हिशेब दिवसावर करायचा की आठवड्यावर, हे कामगाराला जे फायद्याचे असेल तसे.

2) जादा कामाला कामगाराची संमती लागते. जबरदस्ती चालत नाही.

3) महिन्याच्या पगारावर असणाऱ्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत मिळाला पाहिजे. नोकरी सोडली किंवा काढून टाकले तर सर्व बाकी कामाच्या दोन दिवसांत चुकती केली पाहिजे.

4) कामगार ठेकेदाराचा असेल आणि ठेकेदाराने पैसे बुडवले, तर ज्या कंपनीच्या आवारात काम झाले तिच्यावर जबाबदारी येते. "तुमचा ठेकेदार बघा" म्हणून कंपनीला अंग झाडता येत नाही.

5) दुकाने, ऑफिसे, हॉटेले यांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 आहे. तो ज्या आस्थापनांना लागू होतो तिथेही जादा कामाला दुप्पटच दर आहे.

सीप्झसारख्या विशेष आर्थिक क्षेत्रात कामगार कायदे लागत नाहीत असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. 2005 च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यात सरकारला पुष्कळ सवलती देता येतात, पण कामगार कल्याणाच्या व कामाच्या अटींच्या कायद्यांना त्या कलमाने हात लावता येत नाही, असे तिथेच लिहिले आहे.

आणखी एक युक्ती म्हणजे साध्या कामगाराला "सुपरवायझर" हे नाव देणे. नुसत्या नावाने हक्क जात नाही. माणूस प्रत्यक्षात काय काम करतो हे बघितले जाते.

हिशेब कसा करावा?

हिशेबासाठी एक आकडा धरू. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून महिना 15,600 रुपये. कामाचे दिवस 26. म्हणजे रोज 600 रुपये. 8 तासांनी भागले की तासाला 75 रुपये. जादा तासाचा दर झाला 150 रुपये. महिन्यात 15 दिवस रोज दोन तास जादा थांबला तर 30 तास, म्हणजे 4,500 रुपये. मालकाने साध्या दराने 2,250 दिले, तर तेवढेच 2,250 बुडाले. वर्षाचे 27,000. बैलजोडीला पेंड घालताना आपण रुपया-रुपया मोजतो, आणि इथे पोराचे सत्तावीस हजार कोणी विचारीत नाही!

काही ठिकाणी मूळ पगार मुद्दाम कमी दाखवून बाकी रक्कम भत्त्यांत टाकतात. घरभाडे, प्रवास भत्ता वगैरे वेतनात धरत नाहीत हे खरे. पण असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर जास्तीचा भाग वेतनातच धरावा असे नवी संहिता सांगते. एकूण 20,000 पैकी 12,000 भत्ते असतील तर त्यातले 2,000 वेतनात येतात. वेतन 8,000 नव्हे, 10,000 धरायचे.

पैसे बुडवले तर काय करावे?

पहिली गोष्ट, पुरावा. पोराने साधी वही ठेवावी : तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, कोणते काम केले. पगाराची स्लिप मागून घ्यावी, ती देणे मालकाला बंधनकारक आहे. हजेरी कार्डाचा फोटो, पाळीचा मेसेज, बँकेचे पासबुक जपून ठेवावे. देणे दिले आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, तरी आपली वही नीट असली की बोलणे ठाम होते.

दुसरी गोष्ट, लेखी मागणी. तोंडी भांडू नये. अर्ज द्यावा व पोच घ्यावी. चार-सहा जणांनी मिळून दिला तर उत्तम.

तिसरी गोष्ट, दावा. वेतन संहितेखाली ठरवलेल्या प्राधिकाऱ्याकडे कामगार स्वतः, त्याची नोंदणीकृत युनियन किंवा सरकारी निरीक्षक अर्ज करू शकतो. अनेकांचा मिळून एकच अर्ज चालतो. मुदत तीन वर्षांची आहे. दावा खरा ठरला तर बाकीशिवाय तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. संहिता लागू होण्यापूर्वीच्या बाकीला जुन्या कायद्याच्या मुदती आड येऊ शकतात, तेव्हा त्याबाबत युनियनचा अथवा वकिलाचा सल्ला लगेच घ्यावा. मुंबईत कामगार आयुक्तांचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात आहे. अंधेरीहून ते लांब नाही.

न्यायालये या बाबतीत ठाम राहिली आहेत. नागपूर महापालिकेच्या कामगारांच्या खटल्यात 1972 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दुप्पट म्हणजे प्रत्यक्ष मिळणाऱ्या पगाराची दुप्पट, किमान वेतनाची नव्हे. करोनाच्या काळात, एप्रिल 2020 मध्ये, गुजरात सरकारने बारा तास काम आणि जादा तासांना साधाच दर असा हुकूम काढला होता. 1 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि कामगारांना कायद्याप्रमाणे दुप्पट पैसे देण्यास सांगितले. संकट आले तरी त्याचा भार एकट्या कामगाराच्या पाठीवर टाकता येत नाही, हा त्या निकालाचा सारांश.

आता दुसरे कारण

अंधेरीत आपण कामगाराचे बाप आहोत. इथे कारखान्याच्या आवारात मात्र आपण मालक आहोत. गाळप हंगामात कारखाना तीन पाळ्यांत चोवीस तास चालतो. बदलीचा माणूस आला नाही की पॅनमन किंवा बॉयलरवरचा माणूस तसाच दुसऱ्या पाळीला थांबतो. भट्टी विझवून घरी जाता येत नाही. त्या तासांची नोंद टाईम ऑफिसात झाली पाहिजे आणि दुप्पट दराने पैसेही मिळाले पाहिजेत. हंगामी कामगारालाही हा हक्क तेवढाच आहे.

काही सभासद म्हणतील, कामगाराला जादा दिले तर उसाच्या भावातून जाणार. पण जरा विचार करा. आपला ऊस गेल्यावर 14 दिवसांत बिल मिळाले पाहिजे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. बिल थकले की आपण गेटवर जातोच ना? घामाचे पैसे वेळेत आणि पुरे मिळावेत हा जो न्याय आपण आपल्या उसाला मागतो, तोच पॅनमनच्या रात्रीला लागू आहे. शिवाय थकवलेला ओव्हरटाईम दाव्यात गेला तर दहा पटीची टांगती तलवार कारखान्यावर, म्हणजे आपल्याच शेअरवर येते.

म्हणून सभासदांनी दोन कामे करावीत. मुंबईच्या पोराला फोन करून वही ठेवायला सांगावे. आणि येत्या वार्षिक सभेत विचारावे : गेल्या हंगामात जादा कामाचे तास किती झाले, आणि त्यांचे दुप्पट दराने पैसे दिले का? पहिला प्रश्न आपल्या घराचा, दुसरा आपल्या संस्थेचा. दोन्ही ठिकाणी माप एकच ठेवले, तर सहकार हा शब्द खरा ठरेल.