ओटाच्या वैरणीत घुसलेला रान ओट

इचलकरंजीचे माग मागे टाकून पंचगंगेच्या काठाने निघाले की ऊस लागतो आणि उसाच्या आडोशाने म्हशींचे गोठे. गळीत हंगामात इथल्या गोठ्यांत वाढ्यांचे भारेच्या भारे येऊन पडतात. वाढ्याने पोट भरते. पण त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि प्रथिनेही त्यात बेताचीच. म्हणून रब्बीत दोन-चार गुंठे ओट पेरणारा म्हैसपालक योग्यच करतो. शहरालगतच्या एका म्हैसपालकानेही तेच केले. गडबड झाली ती बियाण्यात.

त्याने सुटे बियाणे घेतले, पीक चांगले आले, म्हशींनी आवडीने खाल्ले. पुढच्या वर्षाचे बी घरचेच व्हावे म्हणून त्याने एक कोपरा न कापता राखला. त्या कोपऱ्यात ओटाबरोबर रान ओटही पिकला. ‘‘कवळं असताना वळकू येत नाही. लोंब्या आल्यावर ध्यानात आलं, तवर दाणं गळून रानात,’’ असे तो सांगतो. पुढे त्याच रानात गहू केला, तर गव्हाच्या वर माना काढून रान ओट उभा.

रान ओट म्हणजे ॲव्हेना फॅटुआ, लागवडीच्या ओटाचा सख्खा भाऊबंद. त्याचे दाणे एकदम पिकत नाहीत. वरचे आधी पिकून गळतात, खालचे हिरवेच असतात. काही दाणे जमिनीत वर्षानुवर्षे निजून राहतात. दाणा तळहातावर घेऊन पाहावा. लागवडीचा ओट बहुधा फिकट, गुळगुळीत. कुसळ असले तर सरळ. रान ओट बहुधा तपकिरी, बुडाशी केसाळ, बुडाला वाटोळा खोलगट वण आणि पाठीवर मध्येच वाकलेले, पीळ पडलेले काळपट कुसळ. या कुसळावर पाण्याचा थेंब सोडला की पीळ उलगडतो आणि कुसळ हळूहळू फिरू लागते. ओल आणि वाळवण यांच्या आलटापालटीने दाणा मातीच्या भेगेत स्वतःच शिरतो.

गव्हात तो कोवळेपणीही ओळखता येतो. गव्हाच्या पात्याच्या बुडाशी खोडाला कवटाळणारी दोन बारीक नखे असतात, ओटाला ती नसतात. ओटाच्या पिकात मात्र ही खूण उपयोगाची नाही आणि तणनाशकही नाही. जे औषध रान ओट मारते, ते ओटालाही सोडत नाही.

म्हणून सारी काळजी पेरणीआधी घ्यावी. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी चिठ्ठी असते, ती पाहूनच घ्यावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले हरिता’ किंवा जुना ‘केंट’ वैरणीला चांगला. शक्य असेल तर रान आधी भिजवावे, तण उगवू द्यावे आणि वाफशावर हलका कुळव फिरवावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकरी 40 किलो बियाणे, ओळींत सुमारे 30 सेंटिमीटर अंतर. पहिली कापणी 50 ते 55 दिवसांनी, बुडखा चार बोटे राखून. दुसरी निम्मे पीक फुलोऱ्यात असताना. या वेळी कापले तर रान ओटाला दाणा धरायला सवडच मिळत नाही. बियाण्यासाठी कोपरा राखण्याचा मोह इथेच महागात पडतो.

दाणे भरलेला रान ओट उपटला तर तो म्हशीला घालू नये, उकिरड्यावरही टाकू नये. काही दाणे पोटातून जिवंत बाहेर पडतात आणि शेणखताबरोबर पुन्हा रानात येतात.

युरियाबाबत हात आखडताच ठेवावा. भरपूर नत्र, वर ढगाळ हवा किंवा पाण्याचा ताण, अशा ओटात नायट्रेट साचते. जनावराला धाप लागली, हिरड्या निळसर-तपकिरी दिसल्या, तर वैरण तिथल्या तिथे थांबवून पशुवैद्यकांना बोलवावे. मिथिलिन ब्लूच्या इंजेक्शनने जनावर वाचू शकते, पण वेळ फार थोडा असतो.

यंदा ओट करणार असाल तर बियाण्याची पिशवी फोडल्यावर आधी मूठभर दाणे पांढऱ्या कापडावर पसरा. त्यात केसाळ, वाकड्या कुसळाचा एक जरी दाणा दिसला, तरी ते बियाणे रानात नेऊ नका. पावतीसह दुकानात परत करा.