त्रेपन्न वर्षांनंतरची उडी

२ सप्टेंबर १९४४ चा दिवस. दुसरे महायुद्ध चालू होते. प्रशांत महासागरातील चिचीजिमा या जपानी बेटावर हल्ला करीत असता, जॉर्ज बुश या वीस वर्षांच्या अमेरिकन वैमानिकाचे विमान तोफांच्या माऱ्याने पेटले. समुद्रावर येताच त्याने हवाई छत्रीसह उडी टाकली. परंतु घाईत छत्रीची दोरी फार लवकर ओढली. डोके विमानाच्या शेपटीवर आदळले, छत्री फाटली. एका पाणबुडीने त्यास समुद्रातून वाचविले. त्याचे दोन्ही सहकारी मात्र प्राणास मुकले.

पुढे १९८९ मध्ये हेच बुश अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. तरीही, एकदा पुन्हा उडी घ्यावी व ती नीट घ्यावी, ही इच्छा त्यांच्या मनातून गेली नाही. २५ मार्च १९९७ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ॲरिझोनातील युमा येथील वाळवंटावर त्यांनी सुमारे १२,५०० फुटांवरून उडी घेतली. तत्पूर्वी त्यांनी नवशिक्याप्रमाणे जमिनीवर धडे गिरविले. आकाशात सैन्यातील कसलेले छत्रीधारी त्यांच्या सोबत होते. छत्री उघडली व बुश सुखरूप खाली उतरले.

मुलांनो, दीर्घ खंडानंतर जुन्या विद्येकडे वळणाऱ्याने प्रथम पुन्हा विद्यार्थी व्हावे. वय आणि पद कितीही मोठे असो, आकाशात उपयोगी पडते ती तयारीच.